पांच मिनिटें पंचावन्न सेकंद

रॉक संगीताचा गलबला आमच्या कानांस फारसा मानवत नाहीं, हें प्रथमच कबूल करितों. तथापि ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या तबकडीची हकीकत वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तिचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, हा झांझिबारांत जन्मलेला पारशी मुलगा आमच्याच पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला.

गाणें ५ मिनिटें ५५ सेकंदांचें. इतकें लांब गाणें नभोवाणीवर कोण लावणार, तेव्हां त्यास कात्री लावावी, असें कंपनीचें म्हणणें पडलें. मंडळी हटलीं नाहींत. मधल्या विलायती संगीत नाटकाच्या थाटाच्या भागासाठीं तिघांनींच आपले आवाज पुनःपुन्हा मुद्रित करून मोठा गायकसमुदाय उभा केला होता. त्यांतलें कापावयाचें तें काय? (आम्हींही लांबलेल्या निबंधांवर तांबडी रेघ बेधडक ओढीत असूं, त्यांतले दोनचार आतां आठवतात.) लंडनच्या केनी एव्हरेट या निवेदकानें तें गाणें प्रसिद्धीपूर्वींच नभोवाणीवर वारंवार ऐकविलें. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजीं तबकडी निघाली व विलायतेंत नऊ आठवडे अग्रस्थानीं राहिली.

सन १९९१ च्या नोव्हेंबरांत मर्क्युरी एड्सच्या विकारानें निवर्तला. लागलीच तेंच गाणें, न कापलेलें, पुन्हा निघालें, पुन्हा पहिलें आलें, आणि त्याचें उत्पन्न एड्सग्रस्तांच्या साहाय्यार्थ गेलें.