उभ्या इंजिनाचा घसारा

वर्गात घसाऱ्याचा पाठ निघाला की माझ्या डोळ्यांपुढे आमचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन येते. पुस्तकात घसाऱ्याची कारणे दिलेली असतात : वापराने होणारी झीज, काळाचा ओघ आणि नव्या शोधांमुळे येणारी कालबाह्यता. पहिले कारण चटकन पटते. दुसरे मी केवळ परीक्षेपुरते पाठ केले होते. न वापरलेली वस्तू नुसत्या काळाने कशी झिजेल, असे मला वाटे. गेल्या वर्षी त्याचे उत्तर आमच्या गोठ्यातच मिळाले.

मार्कंडेय नदीकाठी आमचे थोडे शेत आहे. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर नदीचे पाणी उपसून कोबी. जूनमध्ये नदी चढू लागली की इंजिन घरी आणावे लागते आणि चार-पाच महिने ते पडून राहते. गेल्या वर्षी आम्ही ते खताच्या पोत्यांशेजारी ठेवले, वर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळले आणि विसरलो. खंडेनवमीला झेंडूची माळ मात्र घातली. दिवाळीनंतर हँडल मारायला गेलो, तर ते जागचे हलेना. पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता, नॉझल गंजला होता. शेजारच्या गावचे मिस्त्री आले, इंजिन उघडले आणि म्हणाले, “तम्मा, केलसा माडि केट्टिल्ल, निंतु केट्टैति.” काम करून नाही, उभे राहून बिघडले! दुरुस्ती होईपर्यंत निम्मी रोपे वाळली आणि माझ्या परीक्षेच्या फीसाठी ठेवलेले पैसे दुरुस्तीला गेले.

मग मिस्त्रींनाच विचारून घेतले आणि यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबा आणि मी इंजिनाची पावसाळ्याची तयारी केली. ती अशी.

प्रथम इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम केले आणि लगेच जुने ऑइल काढले. गरम ऑइल पातळ असते, त्यामुळे तळाचा गाळही त्याच्याबरोबर बाहेर येतो. वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल साठते. ते महिनोन् महिने आत राहिले तर बेअरिंगला खाते. नवे ऑइल भरून इंजिन पुन्हा पाच मिनिटे चालवले, म्हणजे ते सगळीकडे पोहोचते.

इंजिन निवल्यावर सिलिंडरभोवतीचे आणि पंपातले पाणी पूर्ण सोडून दिले. थंड देशांत हे पाणी गोठून लोखंडाला तडा जातो. आपल्याकडे ती भीती नाही, पण गंज आहेच. फूट व्हॉल्व्हमधला नदीचा गाळही धुऊन काढला.

डिझेलची टाकी जवळजवळ काठोकाठ भरली. बाबांना हा उगाच खर्च वाटला. पण टाकी अर्धी रिकामी असली की आत दमट हवा राहते, रात्री गारठ्याने तिचे पाणी होते आणि डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसते. तेच पुढे नॉझलपर्यंत जाते. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाची किंवा गवत कापायच्या यंत्राची गोष्ट उलटी. पेट्रोल उडून जाते आणि कार्बोरेटरमध्ये चिकट थर उरतो. म्हणून तिथे टाकी रिकामी करायची आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे.

यानंतर हवा आत जाते त्या तोंडातून दोन चमचे ऑइल सोडले, डिझेल बंद ठेवून डिकॉम्प्रेशनचा खटका उचलला आणि हँडल सावकाश फिरवले. त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीला तेलाचा हात बसतो. दोन चमच्यांहून अधिक नको, कारण तेल हवेसारखे दाबले जात नाही. शेवटी खटका सोडून, हँडल जड लागेल तिथे थांबवले. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दमट हवेला वाट राहत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घातला, उघड्या लोखंडाला ग्रीस लावले.

इंजिन आता फळ्यांवर ठेवले आणि खताची पोती दूर हलवली. खत हवेतला ओलावा ओढते आणि त्याचे क्षार लोखंड खातात. वर ताडपत्री सैल टाकली. घट्ट प्लॅस्टिक पाऊस थांबवते, पण आतला दमटपणाही कोंडून ठेवते. त्यानंतर दर महिन्याला मी खटका उचलून हँडलचे चार फेरे देत होतो.

यंदा दिवाळीनंतर फिल्टरच्या तळचे पाणी काढले, आधी हँडल मोकळे फिरवून जादा तेल बाहेर घालवले आणि मग हँडल मारले. तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झाले. बाबा काही बोलले नाहीत, पण पाटात पाणी आल्यावर खोरे माझ्या हातात दिले.

ऑइल, थोडे ग्रीस आणि एक सकाळ, एवढाच खर्च. हिशोबाच्या वहीत तो देखभालीच्या खात्यावर जातो आणि दुरुस्तीचा मोठा आकडा टळतो. घसारा लिहायला आपण वर्गात शिकतोच. ज्यांच्या घरी असे इंजिन आहे त्या मित्रांनी मे महिन्याच्या सुट्टीत तो थोडा कमीही करून पाहावा.