दिवा छतात गेला, त्यानंतर

नव्वदच्या दशकापर्यंत मध्यमवर्गीय मराठी घराचा मुख्य दिवा भिंतीवर असायचा. चार फुटी ट्यूबलाइट, पट्टीच्या आत चोक, कडेला स्टार्टर, आणि दिवाळीच्या साफसफाईत फडक्याने पुसायचा तो काळपट थर. तिचा उजेड कोणाला देखणा वाटला नसेल. पण तो समोरच्या भिंतीवर पडायचा, चुन्यावरून किंवा फिक्या डिस्टेंपरवरून परतायचा आणि समोर बसलेल्याचा चेहरा सारखा उजळायचा. गेल्या तीसेक वर्षांत तो दिवा पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये जाऊन बसला. हा बदल सौंदर्याचा आणि वीजबचतीचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात दिवा सुधारला, पण उजेडाची दिशा बिघडली. आणि ती बिघडलेली दिशा झाकायला आपण दिव्यांची संख्या वाढवत गेलो.

छतात पुरलेला दिवा मुळात दुकानाचा आणि हॉटेलाचा. सराफाच्या पेढीत १२ व्होल्टचा, ५० वॅटचा हॅलोजन बरोबर दागिन्यावर रोखलेला असे. बाकी पेढी अंधुक राहिली तर उलट बरेच. अमेरिकन प्रकाशरचनाकार रिचर्ड केली यांनी १९५२ मध्येच उजेडाचे तीन प्रकार वेगळे केले होते: सगळीकडे पसरलेला, एका जागी नेमका रोखलेला, आणि नुसता लखलखणारा. पेढीला दुसरा पुरतो. घराला आधी पहिला लागतो. आपण मात्र दुसराच उचलला आणि त्याच्याकडून पहिल्याचे काम करून घ्यायला निघालो. तेव्हाचे हॅलोजन इतके तापत की पोकळीत ट्रान्सफॉर्मर आणि दिवा दोघांना मोकळी जागा ठेवावी लागे. त्यामुळे हौस बेताची राहिली.

एलईडीने ती अडचण काढून टाकली. शुजी नाकामुरा यांचा तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये आला. त्यातूनच पुढे पांढरा उजेड शक्य झाला. आपल्याकडे २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या आणि पुढे ‘उजाला’ नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने भाव पाडले: २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. एलईडीचे पॅनलही इतके चपटे झाले की चार-पाच इंचांच्या पोकळीत मावू लागले. मग हॉलमध्ये १२ वॅटचे आठ दिवे सहज बसू लागले. त्यांची बेरीज ९६ वॅट. जुन्या ३६ वॅटच्या दोन ट्यूबलाइटना चोकसकट साधारण तेवढीच वीज लागत असे. उजेड वाढला, पण बिलात फरक शून्य. बचत दिव्याने केली आणि आपण ती छतावर खर्चून टाकली.

यावर कोणी म्हणेल, उजेड जास्त झाला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे, की हे दिवे सरळ खाली पाहतात. फरशी लख्ख उजळते, भिंतीचा वरचा भाग आणि छत काळवंडते, चेहऱ्यावर डोळ्यांखाली सावली पडते. खोलीची उंची साधारण २.७५ मीटर, त्यातून फॉल्स सीलिंगने अर्धा फूट घेतला की पलंगावर आडवे झालेल्याची नजर थेट दिव्यात जाते. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीत तेच आठ दिवे पुन्हा दिसतात, ते निराळेच. ट्यूबलाइटभोवतीची पाल आणि पावसाळी किडे गेले, छत नीटनेटके झाले, हा फायदा मात्र खरा आणि तो नाकारायचे कारण नाही. पण नीटनेटके छत वर मान करून पाहायचे असते, आणि घरात माणसे एकमेकांकडे पाहतात.

दिवा खाली पाहतो, तेव्हा खाली काहीतरी काम असावे. पॅसेजमध्ये किंवा कपाटापुढे तो चोख ठरतो. स्वयंपाकघरात तो ओट्याच्या पुढच्या कडेवर हवा. खोलीच्या मध्यावर असेल तर भाजी चिरणाऱ्याच्या डोक्याची सावली विळीवर पडते. बैठकीच्या खोलीत त्याला भिंतीपासून फूटभर अंतरावर आणून भिंत धुऊन काढायला लावले, तर तीच जुनी परतणारी प्रभा मिळते, तीही निम्म्या दिव्यांत. पण फर्निचरचा नकाशा ठरायच्या आधी पीओपीवाला छताचे सारखे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात भोक घेतो. चार वर्षांनी एखाद्या दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळाला की त्याच मापाचा, त्याच छटेचा दिवा मिळत नाही. सात पिवळसर आणि एक निळसर अशी पंगत बसते. नव्या फ्लॅटमध्ये म्हणून प्लॅस्टरच्या आधीच भिंतीवर दोन पॉइंट सोडून घ्यावेत आणि छतातल्या दिव्यांना दोन-तीन वेगळी बटणे द्यावीत. रंग लागल्यावर झिरी मारायला कोणी तयार होत नाही.