स्वस्तातला म्युझिक प्लेअर घ्यावा का? फायदे, तोटे आणि माझी एक चूक

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांना जुनाट वाटेल. खिशात स्मार्टफोन असताना वेगळा म्युझिक प्लेअर कशाला? मीही हेच म्हणायचो. मग बाबांसाठी १,८०० रुपयांचा एक छोटा, बटणांचा, मेमरी कार्डवाला प्लेअर घेतला आणि बरंच काही शिकलो. आज त्याचे फायदे सांगतो, तोटे सांगतो आणि त्या नादात माझ्याकडून झालेली एक चूकही सांगतो. ती शेवटपर्यंत ऐका, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं घर रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीत. मी लोणेऱ्याला बी.टेक. केलं, आता मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि जमेल तसा गावी येतो. बाबांची थोडी हापूसची कलमं आहेत. मोहर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत त्यांचा अर्धा दिवस बागेत जातो. बागेत रेंज नाही. घरी पडवीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तर दोन दांड्या येतात, तेवढंच. बाबा वाडीच्या भजन मंडळात गातात, त्यामुळे बागेत त्यांना जुनी भजनं ऐकायची असतात. नुसती ऐकायची नाहीत, पाठ करायची असतात.

पहिला उपाय म्हणून मी त्यांच्या फोनमध्येच फाइल्स भरून दिल्या. चालला नाही. हाताला आंब्याचा चीक लागलेला असला की टचस्क्रीन ऐकत नाही. संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते आणि नेमका गरजेला फोन बंद. नवीन फोनला इअरफोनचं भोकही नाही. म्हणून वेगळा प्लेअर.

गाणी कुठे आहेत, हा खरा प्रश्न

थोडा इतिहास. १ जुलै १९७९ ला सोनीने जपानमध्ये वॉकमन विकायला काढला आणि कॅसेट खिशात आली. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने आयपॉड आणला, ५ जीबीचा, हजारेक गाणी मावणारा. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं, कारण ते काम आता फोन करत होता. आपल्याकडे मात्र २०१७ साली उलटी गोष्ट घडली. सारेगामाने ५,००० गाणी आधीच भरलेला कारवाँ आणला आणि तो घराघरांत गेला. इंटरनेट नको, ॲप नको, बटण दाबलं की गाणं. ज्येष्ठांना नेमकं हेच हवं होतं. पण तो रेडिओएवढा मोठा, गळ्यात अडकवून कलमावर चढता येत नाही. शिवाय बाबांना हवी होती ती आमच्या वाडीची भजनं, ती कुठल्याच कंपनीकडे नव्हती.

आता स्ट्रीमिंगचं बघा. मी मुंबईहून कोकण रेल्वेने येतो. उक्षी गेलं की भोक्याच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. तिथे माझं गाणं हमखास अडकतं. तुम्ही म्हणाल, ऑफलाइन डाउनलोड कर. करतो की. पण ते डाउनलोड कुलूपबंद असतं. फाइल त्या ॲपच्या बाहेर वाजत नाही, वर्गणी संपली की उघडत नाही, आणि काही ॲप्सना ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. प्लेअरमधली एमपी३ फाइल तुमची असते. कुणाला विचारावं लागत नाही.

फायदे

पहिला फायदा बटणं. बाबा न बघता, खिशात हात घालून गाणं पुढे-मागे करतात.

दुसरा, हा प्लेअर फक्त वाजवतो. मी स्वतः आठवडाभर वापरून बघितला. गाणं बदलायला फोन उचलला की मी वीस मिनिटं रील्समध्ये जातो. प्लेअर उचलला की गाणं बदलतो आणि खाली ठेवतो.

तिसरा फायदा फारसा कुणाला माहीत नसतो. अशा बऱ्याच प्लेअरमध्ये ए-बी रिपीट नावाची सोय असते. गाण्यातली एक जागा सुरू झाली की बटण दाबायचं, संपली की पुन्हा दाबायचं. मधला तेवढाच तुकडा फिरत राहतो. गवळणीतली एखादी अवघड जागा बाबा अशी पन्नास वेळा ऐकतात. गाणं, वाद्य किंवा नवी भाषा शिकणाऱ्यांसाठी ही सोय सोन्यासारखी आहे.

चौथा, जागा भरपूर. हिशोब सोपा आहे. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागते, ३२० केबीपीएसला २.४ एमबी. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर पाच मिनिटांची गाणी १२८ने सुमारे ६,५०० बसतात, ३२०ने सुमारे २,६००. पॉडकास्टसारख्या नुसत्या बोलण्याला ६४ पुरतं, तासाला २९ एमबीच्या आसपास. बहुतेक पॉडकास्ट साध्या एमपी३ फाइल म्हणूनच प्रसिद्ध होतात, त्यामुळे आपले भागही त्यावर छान चालतात. हो, ही आमची जाहिरात समजा!

पाचवा, एफएम रेडिओ. इअरफोनची वायरच अँटेना असते, म्हणून ती जोडल्याशिवाय स्टेशन नीट लागत नाही. पण लाइट आणि टॉवर दोन्ही गेले असताना बातम्या ऐकायला रेडिओ हाच आधार. निसर्ग आणि तौक्ते ही वादळं बघितलेल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तोटे

आता दुसरी बाजू. ही यादी लांब आहे.

आवाज. स्वस्त प्लेअरमध्ये मागे बारीक 'सूंऽऽ' ऐकू येतं, विशेषतः कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनवर आणि गाणं हळू असताना. बागेत पाखरं आणि वारा असतो, तिथे कळत नाही. रात्री खोलीत कळतं. पण एक लक्षात घ्या, बऱ्याचदा दोष प्लेअरचा नसतो, फाइलचा असतो. एमपी३ बनवताना जे आपल्या कानाला फारसं जाणवणार नाही असं गणित सांगतं, ते काढून टाकलं जातं. १२८ वर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं जातं. माणसाचा आवाज त्यात निभावतो. टाळ निभावत नाहीत. टाळेचा ठोका एकदम सुरू होतो आणि त्यात वरच्या पट्टीचा आवाज भरपूर असतो, तो पाण्याखालून आल्यासारखा पसरट होतो. भजन म्हणजे टाळच टाळ. त्यामुळे भजनाच्या फाइल्स २५६ किंवा ३२० ने करा.

फाइलचा प्रकार. व्हॉट्सॲपवर आलेली व्हॉइस नोट ओपस प्रकारची असते, फोनवरचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा एम४ए असतं. स्वस्त प्लेअर यातलं काही वाजवतो, काही नाही. एफएफएमपेग हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरून सगळं एमपी३ मध्ये बदलून घ्यावं लागतं.

क्रम. मी नावांना ००१, ००२ असे आकडे दिले, तरी गाणी भलत्याच क्रमाने वाजायची. कारण काही प्लेअर नावाप्रमाणे लावतच नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. उपाय असा की फोल्डर रिकामं करायचं आणि हव्या त्या क्रमाने फाइल्स पुन्हा टाकायच्या. मराठी नावंही पडद्यावर नुसते चौकोन होऊन दिसतात, म्हणून मी नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली.

ब्लूटूथ. असतं, पण जोडायला वेळ खातं आणि बॅटरीही. वायरचा इअरफोन बरा.

बॅटरी. खोक्यावरचे तास हे आवाज कमी आणि स्क्रीन बंद ठेवून मोजलेले असतात. शिवाय ती बदलता येत नाही. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत प्लेअर ठेवू नका, उष्णतेने अशी बॅटरी लवकर मरते, फुगूही शकते.

आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे मेहनत. स्ट्रीमिंगमध्ये तुमच्यासाठी कुणीतरी गाणी निवडतं, शोधतं, लावून ठेवतं. इथे ते सगळं तुम्ही करायचं. आणि सांभाळायचंही तुम्हीच. इथेच मी चुकलो.

माझी चूक

आमच्या मंडळाचे जुने बुवा. २०२२ च्या गणपतीत त्यांनी गायलेली १४ भजनं मी फोनवर रेकॉर्ड केली होती. त्यानंतर त्यांना दम लागायला लागला आणि गाणं थांबलं. म्हणजे ते शेवटचं रेकॉर्डिंग.

प्लेअर घेतला तेव्हा सोबत एक मेमरी कार्ड घेतलं. त्यावर ६४ जीबी लिहिलेलं, किंमत संशय यावा इतकी कमी. मला आला नाही. लॅपटॉपवर सगळ्या फाइल्स एमपी३ केल्या, आधी साडेसातशे गाणी भरली, शेवटी बुवांची भजनं. एक वाजवून बघितलं, वाजलं. फोन भरलेला होता, म्हणून तिथलं मूळ रेकॉर्डिंग काढून टाकलं. लॅपटॉपवरचं फोल्डरही साफ केलं.

बाबांचा दुसऱ्या दिवशी पडवीच्या कोपऱ्यातून फोन. "अरे, बुवांची नावं दिसतात, पण वाजत काहीच नाही."

झालं असं होतं. कार्ड बनावट होतं. आत जागा ८ जीबीच्या आसपास, पण कार्डातली चिप कॉम्प्युटरला ६४ असल्याचं खोटं सांगत होती. खरी जागा संपल्यावर जे काही लिहिलं ते हरवलं. फाइलची यादी कार्डाच्या सुरुवातीला असते, म्हणून नावं दिसत राहिली. आणि मी वाजवून बघितलेली फाइल? ती कार्डावरून वाजलीच नव्हती. नुकतीच कॉपी केलेली फाइल काही वेळ कॉम्प्युटरच्या रॅममध्ये असते, तिथून वाजली. हे मला माहीत असायला हवं होतं, पगार याच गोष्टींचा घेतो.

रिकव्हरीची सॉफ्टवेअर चालवून बघितली, हाती काही लागलं नाही. १४ पैकी १२ भजनं मी पूर्वी मंडळाच्या ग्रुपवर टाकली होती, ती आमच्या पखवाजवाल्याच्या फोनमध्ये मिळाली. दोन मी कधी कुणाला पाठवलीच नव्हती. ती गेली.

म्हणून नवीन कार्ड घेतलं की आधी तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३. दोन्ही फुकट आहेत. पूर्ण कार्ड भरेपर्यंत लिहितात आणि परत वाचून खरं किती ते सांगतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. या प्लेअरला ३२ जीबी पुरे. त्याहून मोठी कार्डं सहसा एक्सफॅट पद्धतीने येतात आणि ती स्वस्त प्लेअरला बऱ्याचदा वाचता येत नाहीत. फाइल्स टाकल्यावर कार्ड काढून पुन्हा घाला आणि मग शेवटची फाइल वाजवून बघा. आणि मूळ रेकॉर्डिंग कधीही प्लेअरच्या भरवशावर ठेवू नका. प्लेअर हा डबा आहे, कणगी नाही.

मग घ्यावा का?

तुमच्याकडे फक्त स्ट्रीमिंगची वर्गणी असेल आणि स्वतःच्या अशा फाइल्स नसतील, तर घेऊ नका. आठवड्यात खणात जाईल. घरातल्या मोठ्या माणसाला बटणं हवी असतील, रेंज नसलेल्या जागी काम असेल, अभ्यास करताना फोन लांब ठेवायचा असेल किंवा काही पाठ करायचं असेल, तर जरूर घ्या. घेताना चार गोष्टी बघा: खरी बटणं, ए-बी रिपीट, बंद केल्यावर जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होणं, आणि टाइप-सी चार्जिंग.

बाबांचा प्लेअर अजून चालू आहे, कोपऱ्यावर चिकाचे डाग आहेत. गेल्या गणपतीच्या तालमीत त्या दोन हरवलेल्या भजनांपैकी एक काढलं. दुसऱ्या कडव्याला सगळे अडखळले. बुवा इथे वर जायचे की खाली यायचे, यावर दोघांची दोन मतं. मी कोपऱ्यात गप्प बसलो होतो. बुवा समोरच बसले होते, गाता येत नाही म्हणून बोलले नाहीत. त्यांनी हात हळूहळू वर नेला आणि मध्येच आडवा फिरवला. बाबांनी तिसऱ्या प्रयत्नात ती जागा धरली.

ते मी रेकॉर्ड केलं. आता फोनमध्ये आहे, हार्ड डिस्कवर आहे आणि पखवाजवाल्याकडेही आहे. प्लेअरमध्ये सगळ्यात शेवटी टाकलं.

तुमच्या घरात असं एकाच फोनमध्ये पडून राहिलेलं काही असेल, तर हा भाग संपल्यावर आधी त्याची दुसरी प्रत करा. प्लेअरचं नंतर बघू. भेटू पुढच्या भागात, तोवर ऐकत राहा!