ऊन परवडलं, उकाडा नको!

पहाटेचे पाच. सिंगापूरच्या चोआ चू कांगमधल्या अकराव्या मजल्यावरच्या एसी खोलीतून सायकल घेऊन खाली यावं, तर लिफ्टचं दार उघडताच चष्म्यावर वाफ! अजून एकदाही पायडल मारलेलं नसतं आणि शर्ट मात्र पाठीला चिकटायला लागलेला असतो. पहिल्यावहिल्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी इथे अशी सुरू होते.

शर्यतीचा हिशेब आधी सांगून टाकते. पोहणं १.९ किलोमीटर, मग सायकल ९०, मग धावणं २१.१. या तिन्हींची मैलांत बेरीज केली की ७०.३ येतात, म्हणून ही ‘सेव्हन्टी पॉइंट थ्री’. भारतातली पहिली ७०.३ आयर्नमॅन शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात, मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. ऐन ऑक्टोबर हीटमध्ये! पूर्ण आयर्नमॅन याच्या बरोबर दुप्पट. सिंगापूर बेट पूर्व-पश्चिम जेमतेम ५० किलोमीटर, त्यामुळे १८० किलोमीटर सायकल चालवायची म्हणजे देशाची लांबी जवळजवळ चार वेळा मोजायची.

मराठीत ऊन वेगळं आणि उकाडा वेगळा. नागपूरकर उन्हाला घाबरतो, मुंबईकर उकाड्याला वैतागतो. शरीरशास्त्र या बाबतीत मुंबईकराच्या बाजूचं आहे. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून टपकन खाली पडला, तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा जवळपास शून्य. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम कधी आला ते कळतही नाही, चोआ चू कांगमध्ये तो बुटात साचतो. जोरात व्यायाम करताना तासाला एक ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. आपला नेमका किती जातो हे कळायला प्रयोगशाळा नको, घरचा वजनकाटा पुरतो. धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं की एक लिटर गेला, मधे प्यायलेलं पाणी त्यात वाढवा.

आकडेच हवे असतील तर घ्या. चोआ चू कांगच्या शेजारच्या तेंगाहमध्ये १७ एप्रिल १९८३ रोजी पारा ३७.० अंशांवर गेला, आणि हा सिंगापूरचा उच्चांक ठरला. चाळीस वर्षांनी, १३ मे २०२३ला आंग मो किओनं त्याच्याशी बरोबरी केली. विदर्भातला माणूस यावर हसेल. हसू दे. त्याला इथे मे महिन्यात दुपारी दोन वाजता दहा किलोमीटर धावायला लावावं.

म्हणूनच इथे नुसतं तापमान कुणी विचारत नाही. डब्ल्यूबीजीटी नावाचा एक निर्देशांक पाहतात. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हातल्या काळ्या गोळ्याला २०, आणि आपल्या नेहमीच्या तापमापकाला फक्त १०! अमेरिकी मरीन सैनिक प्रशिक्षणात उष्माघातानं कोसळू लागले, त्यातून १९५०च्या दशकात हे माप आलं. सिंगापूर २०२३पासून त्यावरून रोजचा इशारा देतं. ३१च्या खाली ठीक, ३१ ते ३३ सांभाळून, ३३च्या वर घरी बसा.

मग पहाट निवडावी, तर तिथेही गंमत आहे. सूर्योदयाआधी हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते, भर दुपारी ती साठच्या आसपास उतरते. तरीही पहाटच बरी, कारण डोक्यावर सूर्य नसतो. आणि तो बराच वेळ नसतो. १ जानेवारी १९८२पासून सिंगापूरचं घड्याळ मलेशियाबरोबर अर्धा तास पुढे सरकलं, त्यामुळे विषुववृत्ताजवळ असूनही इथे सकाळी सातच्या सुमाराला उजाडतं. पाचला निघालेल्या सायकलस्वाराला दोन तास अंधार फुकटात.

अंधारात जायचं कुठे? लिम चू कांगच्या रस्त्याकडे. हा रस्ता ओळंब्यासारखा सरळ, कारण गरज पडली की त्याची धावपट्टी करतात. दिव्याचे खांब आणि बसथांबे उपटून हवाई दलानं तिथे खरोखरच लढाऊ विमानं उतरवली आहेत. जवळच चोआ चू कांगची दफनभूमी. देशात आज नव्यानं दफन होतं ती ही एकच. पहाटे तिच्याजवळून जाताना माझा सरासरी वेग वाढतो, याचं श्रेय प्रशिक्षणाला देऊ नये. बागांना जोडणाऱ्या ‘पार्क कनेक्टर’ वाटांवर ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे, रस्त्यावर एकामागे एक जायचं तर गटात पाचांपेक्षा जास्त सायकली नकोत. शिवाय वर्षातले दीडशेहून जास्त दिवस गडगडाटाचे. विजेचा इशारा वाजला की पोहण्याच्या तलावातून सगळे बाहेर.

पोहण्याच्या सूटची खरेदी मात्र वाचते. आयर्नमॅन शर्यतीत हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच वेटसूट चालतो. इथला समुद्र बारमाही त्याहून कोमट.

‘आम्ही सिंगापूरचेच, आम्हाला सवय आहे’ हा गोड गैरसमज. घर एसी, मेट्रो एसी, ऑफिस तर स्वेटर घालायला लावणारं. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी देशाच्या यशाचं मोठं श्रेय एअर कंडिशनरला दिलं होतं, पण त्यांना ट्रायथलॉन करायचं नव्हतं. शरीराला उष्म्याची सवय व्हायला रोज घाम गाळत दहा-चौदा दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. धावून आल्यावर काळ्या टी-शर्टवर उमटणारा पांढरा नकाशा हळूहळू फिका पडतो, ती याचीच खूण.

आता पाणी. ‘भरपूर पाणी पी गं’ हा आईचा फोनवरचा सल्ला अर्धाच बरोबर. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर घटलेलं निघालं. मुख्य कारण, पाणीच जास्त झालं होतं. तेव्हा मीठ-साखर-लिंबू हवंच. इथल्या कॉफी शॉपमध्ये ‘हंड्रेड प्लस’चा डबा मिळतो. १८८३मध्ये सुरू झालेल्या फ्रेझर अँड नीव कंपनीनं शंभरी पूर्ण झाली म्हणून काढलेलं हे पेय, नावातली शंभरी तीच. १९७८च्या पहिल्यावहिल्या आयर्नमॅनमध्ये तर जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. गडी दुसरा आला!

सगळ्यात लाडका शोध बर्फाच्या गोळ्याचा. २०१०च्या एका प्रयोगात ३४ अंशांत धावण्याआधी काहींना गार पाणी दिलं, आणि त्यांनाच दुसऱ्या एका दिवशी बर्फाचा चुरा. पाण्यावर ते सरासरी ४१ मिनिटं टिकले, चुऱ्यावर ५०. बर्फ वितळताना पोटातली उष्णता शोषून घेतो. जुहूच्या गोळेवाल्याचं क्रीडाशास्त्रातलं योगदान अजून कुणी नोंदवलेलं नाही.

खाण्यात घोटाळा होतो तो गुळाच्या चिक्कीचा. दमट हवेत ती पाघळून खिशाचाच भाग होते. खजूर बरे. मोठे मेडजूल असतील तर तीन-चारांत तासाभराची साठेक ग्रॅम साखर पोटात जाते, आणि हातमोजेही चाटावे लागत नाहीत.

राहता राहिले बूट. एकवीस किलोमीटरनंतर ते पचपच वाजतात, आणि या हवेत नुसते टांगून रात्रभरात वाळत नाहीत. त्यावर शाळेतल्या पावसाळ्याचाच उपाय, वर्तमानपत्राचे बोळे. मराठी पेपर इथे कुठला मिळायला, म्हणून सुपरमार्केटची चिनी जाहिरातपत्रकं कोंबायची. तासानं काढायची, ओली झालेली टाकायची, नवी भरायची. तिसऱ्या भरतीला बूट जरा कोरडे लागतात, तोवर दुसऱ्या दिवशीचे पाच वाजायला आलेले असतात.