कॉलेजांतील मुलांचा हातखर्च

शाळा सोडून मुलगा अगर मुलगी पुण्यामुंबईकडे कॉलेजांत निघाली, म्हणजे फीची तजवीज बहुधा आधींच झालेली असते. प्रश्न उरतो तो खाणावळ, पुस्तकें, गाडीभाडें व किरकोळ चहाफराळ यांचा. पूर्वीं घरून दरमहा मनिऑर्डर जाई. पोस्टमननें हातावर मोजलेल्या नोटा संपल्या, कीं महिना संपेपर्यंत हात आंखडावा लागे. आतां नोटा दिसेनाशा झाल्या, व त्यांबरोबर तो धाकहि गेला.

कित्येक मुलें क्रेडिट कार्डाचा हट्ट धरतात. हें कार्ड म्हणजे मुळांत उधारीचें खातें होय. स्वतःची मिळकत नसणारास बँक तें सहसा देत नाहीं. कांहीं बँका मुदत ठेवीच्या तारणावर देतात. बिल मुदतींत पुरतें फेडलें तर व्याज पडत नाहीं. परंतु बिलावर किमान देय रकमेचा एक लहानसा आंकडा असतो. तेवढाच भरून स्वस्थ बसणारास बाकीवर व्याज लागतें, आणि जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीसहि बिनव्याजी मुदत मिळत नाहीं. दरमहा शेकडा साडेतीन हा दर ऐकावयास लहान वाटतो. वर्षाचा तो शेकडा ४२ होतो. (वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं चक्रवाढीनें हा हिशेब करून पाहावा.) वडिलांच्या कार्डास जोडून मुलास दुसरें कार्ड काढतां येतें, पण त्यावरील सर्व खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकावरच राहते.

यापेक्षां मुलाच्या स्वतःच्या बचत खात्याचें डेबिट कार्ड आम्हांस बरें वाटतें. त्यांत शिल्लक असेल तितकेंच खर्चितां येतें. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळें कार्डाची खर्चमर्यादा ठरविण्याची व कार्ड बंद-चालू करण्याची सोय बँकांस द्यावी लागते. खाणावळीचे पैसे महिन्याच्या आरंभीं आणि हातखर्च मात्र आठवड्यास पाठवावा.

२०२४ च्या ऑगस्टमध्यें ‘यूपीआय सर्कल’ ही आणखी एक सोय निघाली. तींत पालक आपल्याच खात्यांतून खर्च करण्याची मुभा मुलास देतो. ही मुभा दोन तऱ्हांची असते. एकींत महिन्याची मर्यादा आंखून देतात. सोय निघाली तेव्हां ती महिन्यास जास्तींत जास्त १५,००० व एका वेळीं ५,००० रुपये ठरली होती. दुसरींत प्रत्येक खर्चास पालकाची मंजुरी लागते. ही दुसरी तऱ्हा आम्हांस फारशी रुचत नाहीं. चहाच्या पेल्यासाठीं आईची परवानगी मागावी लागणारा अठरा वर्षांचा मुलगा मित्राकडून उसने घेऊं लागेल, आणि तें घरीं कळणार नाहीं.

खरें भय या लपविलेल्या उसनवारीचेंच आहे. मोबाईलवर घटकाभरांत कर्ज देणारे आज पुष्कळ आहेत. हिशेब विचारतांना बाप न्यायाधीश होऊन बसला, कीं पुढील महिन्यापासून खोटा हिशेब येऊं लागतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत विसाव्या तारखेसच पैसे संपल्याचा फोन येईल, हें पालकांनीं धरूनच चालावें. तेव्हां पुढील महिन्यांतून वळते करण्याच्या बोलीनें थोडी रक्कम त्याच दिवशीं पाठवावी. पैसे कशावर संपले, तें दुसऱ्या दिवशीं विचारावें.