ताडोबाची जिप्सी : जुन्या गाडीची पारख आणि तिचे सुटे भाग

मारुती जिप्सी ही चंद्रपूर जिल्ह्यातील जंगल-पर्यटनाची ओळखीची गाडी आहे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी आणि झरी या ताडोबाच्या गाभा क्षेत्राच्या प्रवेशद्वारांवर पहाटे जी रांग लागते, तिच्यात वर्षानुवर्षे हीच गाडी दिसत आली आहे. या गाडीचे उत्पादन सामान्य ग्राहकांसाठी २०१९ साली थांबले. तेव्हापासून जिप्सी घ्यायची म्हणजे जुनीच घ्यायची, आणि ती चालती ठेवायची म्हणजे सुटे भाग शोधत राहायचे, अशी स्थिती आहे. या खरेदीत बहुतेक लोक आधी इंजिनाचा आवाज ऐकतात. खरे तर इंजिन हा जिप्सीचा सर्वांत सहज दुरुस्त होणारा भाग आहे. सांगाडा, आस आणि कागदपत्रे यांची पारख त्याच्या आधी व्हायला हवी.

गाडीचा वंश

जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या एसजे मालिकेतील छोट्या चारचाकी-चालन गाडीची ही लांब आवृत्ती. पहिल्या जिप्सीला एमजी ४१० असे नाव होते. तिच्यात ९७० सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते आणि त्याची शक्ती सुमारे ४५ अश्वशक्ती होती. १९९३ मध्ये दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर वाढवून गाडी रुंद करण्यात आली, त्यामुळे वळणावर ती अधिक स्थिर झाली. १९९६ मध्ये १२९८ सीसीचे इंजिन आणि पाच गिअर असलेली ‘जिप्सी किंग’ आली. तिची शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती होती. २००० साली कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय म्हणजे संगणकनियंत्रित इंधन-फवारणी आली आणि शक्ती ८० अश्वशक्तीपर्यंत गेली.

भारतीय सैन्याने १९९१ पासून जिप्सी मोठ्या संख्येने घेतली. मोटारशर्यतींतही तिने नाव कमावले. १९९९ साली सुरू झालेल्या ‘रेड द हिमालय’सारख्या खडतर स्पर्धांत ती अनेक वर्षे धावत होती. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, त्याच वर्षी अपघात-सुरक्षेचे आणि पुढच्या वर्षी प्रदूषणाचे कडक निकष आले. १९८० च्या दशकातील रचना या निकषांत बसवणे शक्य नव्हते.

जंगलात ती का टिकली

जिप्सीची रचना सरळ आहे. खाली शिडीसारखा लोखंडी चेसिस, त्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, पुढे-मागे अखंड आस आणि चारही चाकांवर पाटे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका छोट्या शाफ्टने ट्रान्सफर केसकडे जाते. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या आसाला आणि दुसरा पुढच्या आसाला फिरवतो. ट्रान्सफर केसच्या दांड्याने फक्त मागची चाके, चारही चाके, किंवा चारही चाके अधिक जोराने आणि कमी वेगाने असे तीन पर्याय मिळतात. उघड्या छताच्या गाडीचे वजन एक टनाच्या आतबाहेर असल्यामुळे मऊ मातीत ती रुतत नाही आणि रुतली तरी चार माणसांच्या जोरावर निघते.

पेट्रोल इंजिनाचा आवाज कमी, बाजू आणि छत उघडे, वळायला जागा थोडी लागते. सागवान-बांबूच्या रानातील अरुंद वाटेवर प्राण्याला न बिथरवता गाडी उभी ठेवायची तर हे गुण मोलाचे ठरतात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबाच्या भोवतालच्या गावांतील अनेक तरुणांनी जुन्या जिप्सी घेऊन पर्यटनाचा व्यवसाय उभा केला. त्यांच्यासाठी गाडी बंद पडणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणे.

कोणती जिप्सी घ्यावी

बाजारात मुख्यतः तीन प्रकार भेटतात. पहिला म्हणजे ९७० सीसीची जुनी जिप्सी. ती साधी आहे, कार्ब्युरेटर कोणताही जाणता मिस्त्री उघडू शकतो. पण तिच्या इंजिनाचे भाग आता कमी मिळतात, कारण हे इंजिन भारतात दुसऱ्या कोणत्याही लोकप्रिय मोटारीत नव्हते. पुढे आलेल्या ‘मारुती १०००’चे इंजिनही ९७० सीसीचेच असले, तरी ते वेगळ्या जातीचे आहे. त्याचे भाग जिप्सीला बसत नाहीत. दुसरा प्रकार १९९६ ते २००० मधील कार्ब्युरेटरवाली किंग. तिसरा प्रकार एमपीएफआय किंग. रोजच्या कामासाठी तिसरी सर्वांत सोयीची, कारण तिचे वय कमी आणि इंजिनाचे भाग विपुल.

चौथी वाट सैन्याच्या लिलावाची आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या जिप्सी लिलावात निघतात. अशा गाडीचा सांगाडा चांगला असू शकतो, पण तिची नागरी नोंदणी लिलावाची मूळ कागदपत्रे आणि मुक्ततेचा आदेश हाती असल्याखेरीज होत नाही. इतर सरकारी खात्यांच्या गाड्यांचे तसे नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात येते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रांत जातात. त्यामुळे एखाद्या खात्याची जुनी जिप्सी ‘पुन्हा पासिंग करून देतो’ असे कोणी म्हणत असेल, तर त्या शब्दावर पैसे देऊ नयेत.

पारख

पाहणी खालून सुरू करावी. चेसिसच्या पट्ट्या, विशेषतः पाट्यांचे शॅकल जिथे अडकतात ती जागा, हातोडीने हलकेच ठोकून पाहावी. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, गंजलेले बोदे वाजते. नवा काळा रंग फासलेला असेल तर अधिक बारकाईने पाहावे. त्यानंतर बॉडी चेसिसवर टेकते ते रबरी आधार, पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड तपासावी. उघड्या जिप्सीत पावसाचे पाणी याच ठिकाणी साचते.

यानंतर पुढचा आस. खड्ड्यातून गेल्यावर ठराविक वेगाला स्टिअरिंग जोरजोरात थरथरते, हा जिप्सीचा प्रसिद्ध आजार आहे. चाकांचे बॅलन्सिंग करून तो दबतो, पण पुष्कळदा मूळ किंगपिनच्या बेअरिंगमध्ये असते. तपासण्याची रीत सोपी आहे. पुढचे चाक जॅकवर उचलावे, वर आणि खाली हात धरून ते आतबाहेर हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. दोन्ही बेअरिंगे बदलता येतात, पण किंगपिन बसवताना पातळ चकत्यांनी योग्य ताण जुळवावा लागतो. हे काम जिप्सी उघडलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. चाकामागच्या गोलाकार सांध्यावर तेलमिश्रित ग्रीस ओघळलेले दिसले, तर आतले ऑइल सील गेलेले असते.

ट्रान्सफर केसची परीक्षा मातीच्या रस्त्यावर घ्यावी. डांबरावर चारचाकी-चालन लावून गाडी वळवू नये. पुढच्या आणि मागच्या आसांची गती जुळवून घेणारी यंत्रणा मध्ये नसल्याने सगळा ताण दातऱ्यांवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. कच्च्या चढावर कमी वेगाचा पर्याय लावून गाडी ओढायला लावावी. जोर पडताच दांडा आपोआप निसटला तर आतले भाग झिजलेले आहेत असे समजावे. ज्या गाड्यांना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब लॉक आहेत, ते दोन्ही बाजूंनी नीट लागतात की नाही हेही पाहावे.

गडचिरोली जिल्ह्यात वापरलेल्या गाडीच्या बाबतीत एक तपासणी वाढवावी. भामरागडजवळची पर्लकोटा आणि तिच्यासारख्या नद्या-नाले पावसाळ्यात रस्त्यावर येतात आणि गाड्या पाण्यातून काढाव्या लागतात. दोन्ही डिफरन्शियलचे नट सैल करून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेलेले आहे.

इंजिन शेवटी. धूर, तेलाची गळती, रेडिएटरच्या पाण्यावरचा तवंग हे नेहमीप्रमाणे पाहावे. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर गाडी घेतल्याबरोबर तो बदलावा.

कागदपत्रे

चंद्रपूरच्या गाड्यांचा क्रमांक एमएच ३४ ने आणि गडचिरोलीच्या एमएच ३३ ने सुरू होतो. गाडी दुसऱ्या नोंदणी कार्यालयातून येणार असेल तर नमुना २८ चे ना हरकत प्रमाणपत्र लागते. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. चेसिसवर कोरलेला क्रमांक पेन्सिलच्या ठशाने कागदावर उतरवून आरसी बुकाशी ताडून पाहावा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.

जिप्सीच्या बाबतीत इंजिन क्रमांक अधिक महत्त्वाचा ठरतो. ९७० सीसीचे इंजिन काढून १२९८ सीसीचे बसवलेल्या अनेक गाड्या फिरत आहेत. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदवलेला हवा, नाहीतर पासिंगच्या वेळी गाडी अडते आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नमुना २५ भरून नव्याने करावी लागते आणि त्या वेळी हरित करही द्यावा लागतो. भाड्याने पर्यटक नेणारी गाडी परिवहन वाहन ठरते. तिला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. त्याखेरीज व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वारावरची नोंद वेगळी असते. ती नोंद गाडीबरोबर मिळणार की नाही, हे वन विभागाकडे विचारल्याशिवाय गृहीत धरू नये.

सुटे भाग

जिप्सीच्या भागांचे तीन गट पाडले की शोध सोपा होतो.

पहिला गट इतर मारुती गाड्यांशी समान असलेल्या भागांचा. १२९८ सीसीचे इंजिन एस्टीममध्ये होते, पुढे व्हर्सामध्ये आणि २००५ च्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये आले. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्ट असे अंतर्भागातले बहुतेक सामान त्यामुळे चंद्रपूर किंवा नागपूरच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळू शकते. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. एस्टीम आणि स्विफ्टमध्ये इंजिन आडवे बसते, जिप्सीत उभे. म्हणून ऑइल चेंबर, माउंटिंग आणि क्लचचे घर यांसारखे बाहेरचे भाग एकमेकांना बसत नाहीत. भंगारातले अख्खे स्विफ्टचे इंजिन आणून थेट बसवण्याचा बेत येथेच फसतो.

दुसरा गट फक्त जिप्सीच्या यंत्रभागांचा : ट्रान्सफर केसचे दातरे, क्राउन-पिनियन, किंगपिन, हब लॉक, प्रोपेलर शाफ्ट. खरी दुर्मिळता येथे आहे. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे चेसिस क्रमांक देऊन मागणी नोंदवणे ही पहिली पायरी. न मिळाल्यास दिल्लीचे काश्मिरी गेट आणि मायापुरी, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड या जुन्या बाजारांकडे वळावे लागते. दिल्लीकडे जिप्सीची संख्या मोठी असल्याने तिथे हा माल अधिक फिरतो. तिसरा मार्ग परदेशाचा. हीच गाडी अमेरिकेत सामुराई, ऑस्ट्रेलियात सिएरा, पाकिस्तानात पोटोहार आणि इंडोनेशियात कटाना या नावांनी विकली गेली, स्पेनमध्ये सांताना कारखान्यात ती बनत होती. तिकडे हौशी मंडळींसाठी बेअरिंगे, सील, बुश यांचे संच अजून तयार होतात. पण जिप्सी लांब असल्याने मागचा प्रोपेलर शाफ्ट आणि मागची बॉडी त्या आखूड गाड्यांशी जुळत नाही.

तिसरा गट बॉडीचा. दारे, बोनेट, काचेची चौकट जुन्या गाड्यांतूनच मिळतात. सपाट पत्र्यांमुळे चांगला डेंटर पायाखालचा आणि बाजूचा पत्रा नवा घडवू शकतो. ताडपत्री आणि आसने तर स्थानिक कारागीर उत्तम शिवतात.

माल घेताना जुना भाग सोबत न्यावा, दाते मोजावेत, व्यास मोजावा. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो, त्यामुळे नामांकित कंपनीचे त्याच क्रमांकाचे बेअरिंग नि:शंकपणे घेता येते. ब्रेक, स्टिअरिंग आणि किंगपिन यांच्या बाबतीत नकली किंवा वेल्डिंग केलेला भाग कधीही घेऊ नये. मागे पर्यटक बसलेले असतात आणि पुढे वाघही असू शकतो. बुश, पिन, शाफ्टचे स्लीव्ह यांसारखे साधे भाग मात्र चांगला टर्नर लेथवर बनवून देतो.

देखभालीचे वेळापत्रक

ताडोबातील गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालते, आणि तेही चंद्रपूरच्या ४५ अंशांवरच्या उन्हात. म्हणून रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि क्लच यांवर ताण अधिक येतो. मार्चपूर्वी रेडिएटर साफ करून घ्यावा. धुळीमुळे एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या अंतराच्या कितीतरी आधी बदलावा लागतो, पाट्यांचे बुश आणि यू बोल्ट दर आठवड्याला तपासावे लागतात. मंगळवारी सफारी बंद असते, तो दिवस या कामासाठी सोयीचा.

जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते. मोठी कामे याच काळात काढावीत आणि दुसऱ्या गटातील भागांची मागणी त्याच्या दोन-तीन महिने आधी नोंदवावी. एक किंगपिन संच, पुढच्या आसाचे सील, दोन क्रॉस, एक वॉटर पंप आणि एक टायमिंग बेल्ट घरात असावा. गावातल्या चार-पाच मालकांनी मिळून असा साठा ठेवला तर प्रत्येकाचा खर्च कमी होतो आणि ऐन हंगामात कोणाची गाडी सुट्या भागावाचून उभी राहत नाही.