दर्शनी हुंडी आणि पुरें झालेलें काम

जुन्या पेढ्यांवर हुंडी दोन प्रकारची असे. मुदती हुंडीचे पैसे ठरल्या दिवसांनीं मिळत, दर्शनी हुंडीचे ती दाखवितांच. संगणकाच्या प्रोग्रामांत हाच व्यवहार चालतो.

सी-शार्प या भाषेंत २०१२ सालीं ‘असिंक’ व ‘अवेट’ हे दोन शब्द आले. दूरच्या यंत्राकडून माहिती येण्यास वेळ लागतो. तोंवर हात बांधून बसण्याऐवजीं ‘टास्क’ नांवाचें वचनपत्र घेऊन प्रोग्राम इतर उद्योगास लागतो. आतां समजा, मागितलेली माहिती पूर्वींच आणून जवळ ठेवलेली आहे. उत्तर हातांत आहे, परंतु करार तर वचनपत्र देण्याचा! अशा वेळीं ‘टास्क.फ्रॉमरिझल्ट’ लिहून, उत्तर आंत घातलेलें, जन्मतःच पुरें झालेलें पत्र द्यावें. उत्तर असें कांहीं द्यावयाचें नसेल, तर ‘टास्क.कम्प्लीटेडटास्क’ हें तयार पत्र २०१५ पासून मिळतें. घेणारा ‘अवेट’ म्हणतो तेव्हां काम पुरें झालें आहे काय, एवढेंच प्रथम पाहिलें जातें. झालें असल्यास तो न थांबतां पुढच्या ओळीवर जातो.

कित्येक जण येथें ‘टास्क.रन’ लिहितात. म्हणजे घरांत घागर भरलेली असतां गड्यास विहिरीवर धाडणें! उत्तर बरोबर येतें, पण राखीव थ्रेडांपैकीं एक विनाकारण गुंततो, आणि गर्दीच्या वेळीं ज्याला त्याची खरी गरज तो ताटकळतो. कांहीं जण याहून वाईट करितात; पत्राच्या जागीं ‘नल’, म्हणजे कांहींच नाहीं, परत देतात. त्यावर ‘अवेट’ म्हणतांच आज्ञाक्रम तेथेंच मोडतो. “काम नव्हतें” आणि “काम झालें” यांतला भेद शाळेंतल्या पोरासही कळतो. यंत्राला तो लिहून द्यावा लागतो.

अपयशाचेंही पत्र असतें, ‘टास्क.फ्रॉमएक्सेप्शन’. तेथें फार जपावें. दर वेळीं नवें पत्र करण्याचा खर्च वांचविण्यासाठीं पुरें झालेलें पत्रच सांठवून सर्वांस देण्याची रीत आहे, व ती चांगली आहे. मात्र त्या सांठ्यांत एकदां अपयशाचें पत्र शिरलें, तर दूरचें यंत्र दुरुस्त झाल्यावरही मागणारा प्रत्येक जण तोच नकार घेऊन परततो. कारण पुरें झालेलें काम पुन्हां केलें जात नाहीं. असें पत्र सांठ्यांतून तत्काळ काढावें, म्हणजे पुढची मागणी नव्यानें दूरच्या यंत्राकडे जाईल.